डिस्क वाचवणाऱ्यांचे आभार
लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अपग्रेड करून मशीन रीस्टार्ट केलं आणि काळ्या पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’, म्हणजे गाभाच अडकून थांबल्याचा संदेश. शेवटी ‘अननोन-ब्लॉक (०,०)’, म्हणजे डिस्क ओळखताच येत नाही. हार्ड डिस्क गेली असं धरून मी फॉरमॅट करायच्या बेतात होते. आईचे सगळे फोटो त्या डिस्कवरच. मी मदत मागितली आणि तुम्ही अनोळखी मंडळींनी मला थांबवलंत. ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल चालू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूतून आधीचं कर्नल निवडायला लावलंत आणि मशीन सुरू झालं! म्हणजे डिस्क धडधाकट होती. मग तुमच्यातल्या एकाने नेमकं विचारलं, ‘बूट’मध्ये, म्हणजे कर्नलच्या फाइली असतात त्या डिस्कच्या भागात (पार्टिशनमध्ये), जागा किती उरलीय? पार्टिशन १०० टक्के भरलेलं. त्यामुळे नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल (सुरुवातीला डिस्क ओळखायला लागणारे ड्रायव्हर हिच्यात असतात) बनलीच नव्हती, आणि तिच्याशिवाय त्याला रूट, म्हणजे सिस्टिमचं मुख्य पार्टिशन, सापडेना. जुनी कर्नल काढली, फाइल पुन्हा बनवली, ग्रब अपडेट केलं. झालं! माझ्यासाठी रात्री दोनपर्यंत जागलात. तुमची नावंही मला ठाऊक नाहीत. मनापासून आभार.