‘तुझे राज्य येवो’ आणि अर्धा रोज

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाताळ जवळ आला की वृत्तपत्रांत चर्चच्या रोषणाईचे आणि केकचे फोटो येतात. ते पाहून आनंदच होतो. पण ज्याचा जन्म आम्ही साजरा करतो, तो येशू गालील प्रांतात गावोगाव फिरून नेमके काय सांगत होता, हे सहसा छापून येत नाही. खरे तर आम्ही ख्रिस्ती लोकही ते फारसे बोलत नाही. तो देवाच्या राज्याबद्दल सांगत होता. ते जवळ आले आहे, इथूनच त्याच्या उपदेशाची सुरुवात झाली. आम्ही मात्र ते मरणानंतरच्या खात्यात टाकून मोकळे झालो.

मी रंगकामाचा छोटा ठेकेदार आहे. गेल्या पावसाळ्यात कर्वेनगरच्या एका फ्लॅटचे काम अडले होते, म्हणून साडेदहाच्या सुमारास वारज्याच्या मजूर अड्ड्यावर गेलो. त्या वेळेपर्यंत तरणी पोरे उचलली गेलेली असतात. मागे राहतात ते वयस्क लोक. एक गृहस्थ पानाच्या टपरीच्या आडोशाला उभे होते, लांबी (पुट्टी) भरायची पट्टी रुमालात गुंडाळून. वय छप्पन्न. सकाळी सातपासून थांबलेले. मी अर्धा रोज सांगितला, ४०० रुपये. त्यांनी घासाघीस केली नाही. सहापर्यंत दोन खोल्यांची लांबी त्यांनी अशी भरली, की हात फिरवला तर सांधा लागत नव्हता. मी ठरल्याप्रमाणे ४०० दिले. व्यवहार चोख होता.

पुढच्या रविवारी उपासनेत बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, वाचला गेला. मळ्याचा धनी पहाटेपासून पुन्हा पुन्हा बाजारात जाऊन मजूर आणतो. दिवस मावळायला तासभर उरला असतानाही काही जण उभेच असतात. तुम्ही रिकामे का, असे तो विचारतो. ‘आम्हांला कोणी कामाला लावले नाही,’ एवढेच त्यांचे उत्तर. संध्याकाळी तो त्यांनाही पूर्ण रोज देतो. हा दाखला मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्या दिवशी मात्र टपरीच्या आडोशाचा माणूस डोळ्यांपुढून हलेना. चूल पेटायला लागणारे पैसे उशिरा काम मिळालेल्याला कमी लागत नाहीत.

आमचे पाळक (धर्मगुरू) सांगतात, की तो दाखला मजुरीचा कायदा नाही, देवाच्या कृपेबद्दल आहे. बरोबर आहे. पण येशूने ती कृपा समजवायला रोजंदारीचाच प्रसंग का घेतला असेल? राज्य म्हणजे इथे मुलूख नव्हे, देवाची सत्ता चालणे. ते आपण उभारत नाही, तोच आणतो. मात्र येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत ‘तुझे राज्य येवो’ असे रोज म्हणायचे आणि माझ्या हजेरीच्या वहीत त्याला पाऊल टाकू द्यायचे नाही, हे कसे जमेल? त्याच प्रार्थनेत पुढे रोजच्या भाकरीची मागणीही आहे.

दोन आठवड्यांनी ते गृहस्थ पुन्हा भेटले. उरलेले ४०० हातात ठेवले. ते घेऊन त्यांनी विचारले, बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, त्यावर सही द्याल का? एका दिवसाच्या ओळखीवर ९० दिवसांची खोटी सही मी करू शकत नव्हतो. तसे सांगितले. पण घरी आल्यावर आठवले, की वर्षानुवर्षे माझ्याकडे काम करणाऱ्या चौघांनाही मी ती सही कधी दिलेली नाही. उद्या काही अंगाशी आले तर, या भीतीने. त्यांचे ९० दिवस तर खरे होते, माझीच नियत आखडली होती. त्या आठवड्यात चारही दाखले केले.

आता उशिरा आणलेल्यालाही मी पूर्ण रोज देतो. त्यावर माझी जुनी माणसे कुरकुरतात, आम्ही सकाळपासून परांचीवर आणि याला तेवढेच? येशूच्या दाखल्यातले सकाळपासूनचे मजूरही हेच म्हणतात. त्यांची समजूत मला अजून नीट घालता आलेली नाही.

१८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात बायकांचे जे हाल होत, त्याबद्दल ख्रिस्ती झालेल्या समाजसुधारक पंडिता रमाबाईंनी वृत्तपत्राला पत्र लिहिले होते. ते प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटमध्ये गेले. त्यांची श्रद्धा प्रार्थनेच्या खोलीत अडकून पडली नाही. त्यांच्याएवढी माझी योग्यता नाही, पण विनंती करतो. यंदा नाताळच्या पानावर एक चौकट बांधकाम कामगारांच्या नोंदणीसाठी द्यावी: कोणती कागदपत्रे लागतात, दाखला कोण देऊ शकतो. नोंदणी साठीपर्यंतच होते. त्या गृहस्थांकडे चारच वर्षे आहेत.

आपला,
एक रंगकाम ठेकेदार, गुरुवार पेठ, पुणे