क्लबचा सातबारा कोणाच्या नावावर?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडं एका काकांचं पत्र आलं होतं की अमळनेर, धरणगाव, चोपड्याकडची पोरं रात्र रात्र जागून इंग्लंडच्या फुटबॉल क्लबांच्या मालकांवरून आणि खेळाडूंच्या खरेदी-विक्रीवरून मोबाईलवर भांडत बसतात, ज्या गावाला जन्मात जायचं नाही तिथल्या कर्जाची काळजी करतात, त्यापेक्षा वावरात लक्ष द्या म्हणावं. काकांवर राग नाही. आमची आजी पण हेच म्हणायची, "तुले काय करनं शे रे भो?" पण त्या भांडणाऱ्यांत मी पण आहे. वय ४३, अमळनेरात एका सीएच्या ऑफिसात वीस वर्षं झाली टॅलीवर नोंदी करतोय, आणि १९९९ ला केबलवर मँचेस्टर युनायटेडनं बायर्न म्युनिकला शेवटच्या दोन-तीन मिनिटांत दोन गोल मारून हरवलं तेव्हापासून तो क्लब माझा आहे. म्हणून काकांना उत्तर द्यायचं आहे, आणि तुमच्या क्रीडा पानाबद्दल पण एक मागणी आहे.

आधी भांडण कशाचं ते सांगतो. २००५ मध्ये ग्लेझर नावाच्या अमेरिकन कुटुंबानं युनायटेड विकत घेतला, क्लबची किंमत धरली होती साधारण ७९ कोटी पौंड. त्याआधी क्लबवर कर्ज नव्हतं. घेताना त्यांनी बरेचसे पैसे उधार घेतले आणि त्यातला ५० कोटी पौंडांच्या वरचा भार क्लबच्याच डोक्यावर टाकला. आपल्या भाषेत सांगायचं तर, समजा एकानं तुमची २० एकर बागायत घ्यायची ठरवली, पैसे बँकेतून उचलले, बोजा चढवला तो त्याच जमिनीच्या सातबाऱ्यावर, आणि हप्ते भरायचे ते पण त्याच जमिनीतल्या केळीच्या पैशातून. बाग तुम्ही जगवली, घड तुम्ही वाढवले, आणि वीस वर्षं झाली तरी बोजा उतरत नाही. हे रावेर-सावद्याच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगा, तो दोन मिनिटांत समजून घेईल आणि तुमच्या आधी चिडेल. तिकडची पब्लिक पण चिडली, २०१० मध्ये लोकांनी क्लबचा लाल रंग सोडून हिरवे-पिवळे मफलर घातले, कारण क्लब न्यूटन हीथ नावानं सुरू झाला तेव्हाचे ते रंग. काही जणांनी तर २००५ मध्येच एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा वेगळा क्लब काढला, तिथं एका सभासदाला एकच मत. आणि सुपर लीगचं प्रकरण झालं, एप्रिल २०२१ मध्ये ग्लेझर धरून १२ मोठ्या क्लबांच्या मालकांनी कोणालाही न विचारता वेगळी लीग जाहीर केली आणि दोन-तीन दिवसांत गुंडाळावी लागली, त्यानंतर २ मे ला लोक युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानात घुसले आणि लिव्हरपूलची मॅच त्या दिवशी झालीच नाही.

आता कोणी म्हणेल एवढाच जीव जळतो तर शेअर घ्या. अमळनेरच्या माणसाला शेअर शिकवायला लागत नाही साहेब. १९४५ मध्ये इथंच विप्रोची सुरुवात झाली, वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून, आणि ज्यांच्या आजोबांनी तेव्हा शेअर घेऊन जपून ठेवले त्यांच्या घरात काय झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे. मालकीचा तुकडा हातात असणं म्हणजे काय ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. पण युनायटेडचं गणित बघा. २०१२ पासून क्लब न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आहे, शेअर कोणीही घेऊ शकतो, फक्त बाजारातल्या शेअरला एक मत आणि मालकांकडं जे वेगळ्या वर्गाचे शेअर आहेत त्यांना प्रत्येकी दहा मतं. म्हणजे पैसे लावा, मत विसरा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर जिम रॅटक्लिफ नावाचे इंग्लंडचे उद्योगपती साधारण २७.७ टक्के घेऊन आले, फुटबॉलचा कारभार त्यांच्याकडं आला, आणि मग जवळपास २५० नोकऱ्या गेल्या, २०२५ मध्ये अजून २०० पर्यंत कमी करणार असं जाहीर केलं, २०२४-२५ चा सीझन अर्ध्यात असतानाच सभासदांच्या उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला, म्हातारा असो की शाळेतलं पोरगं. आमच्या ग्रुपवर यावरून पंधरा दिवस जुंपली होती, अर्धे म्हणत होते खर्च कापलाच पाहिजे, मी म्हणत होतो की वीस वर्षं व्याजात किती गेलं त्याच्यापुढं कँटीनवाल्याचा पगार किती, ते आधी मांडा.

मला हे वाचायचं वेड कुठून लागलं ते सांगतो. वडील झेडपीचे शिक्षक, रिटायर झाल्यावरचे पैसे त्यांनी एका पतसंस्थेत ठेवले, नाव लिहीत नाही, बँकेपेक्षा व्याज थोडं जास्त होतं आणि चेअरमन ओळखीचे होते. दरवर्षी संस्थेचा अहवाल घरी यायचा, गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर हार घातलेले फोटो, आई तो कपाटाच्या फळीवर अंथरायची. एक दिवस संस्थेचं शटर बंद. वडील सहा वर्षं चकरा मारत होते, तुकड्या-तुकड्यानं थोडे मिळाले, बाकीचे त्यांच्या हयातीत नाहीच. नंतर घराला रंग द्यायला कपाट रिकामं केलं तेव्हा फळीवरचे तेच अहवाल निघाले आणि मी खाली बसून वाचले. थकबाकी सलग तीन वर्षं वाढलेली, आकडा छापलेला, लपवलेलं काहीच नव्हतं. आणि सर्वसाधारण सभेत वडील स्वतः हजर होते, सगळ्यांबरोबर हात वर करून "मंजूर, मंजूर" म्हणाले होते. तेव्हापासून ताळेबंद समोर आला की मी शेवटच्या पानापर्यंत वाचतो, मग तो सोसायटीचा असो, देवस्थानचा असो नाहीतर मँचेस्टरचा.

आणि आमची पोरं आता हेच शिकतायत, काका! बारावीतलं पोरगं मला विचारतं, काका, युनायटेडनं पोग्बाला ८.९३ कोटी पौंडांना घेतला, मग एका वर्षात एवढा खर्च कसा काय दाखवला नाही. मग मी त्याला घसारा समजावतो. ट्रॅक्टर घेतला तर पूर्ण किंमत पहिल्याच वर्षाच्या खर्चात टाकत नाही ना, वर्षावर्षानं वाटतो, तसंच खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर वाटतात, २०१६ चा पाच वर्षांचा करार म्हणजे वर्षाला पावणेदोन कोटी पौंडांच्या आसपास. एक वर्ष वाढवलेला करार २०२२ मध्ये संपला आणि पोग्बा फुकट गेला, विक्रीचे शून्य. चेल्सी क्लबनं याच हिशेबाचा फायदा घेत आठ-साडेआठ वर्षांचे करार केले, म्हणजे दरवर्षीचा भार कमी दिसतो, मग युरोपच्या फुटबॉल संघटनेनं २०२३ पासून सांगितलं की वाटणी जास्तीत जास्त पाच वर्षांचीच धरू. याच्या उलट क्लबच्याच अकॅडमीत वाढलेलं पोरगं, त्याची खरेदी किंमत शून्य, विकलं की आलेली रक्कम जवळपास सगळी नफ्यात. म्हणून स्कॉट मॅकटॉमिनेसारखा लहानपणापासून क्लबात असलेला खेळाडू २०२४ मध्ये इटलीच्या नापोली क्लबला जातो, आणि तिथं पहिल्याच वर्षी लीग जिंकून सर्वोत्तम खेळाडू ठरतो. माझा जीव त्या दिवशी फार जळला. वहीत नफा दिसला आणि मैदानात भोक पडलं.

काका म्हणतात गोऱ्यांचं गोरे बघतील. पण इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लब कोणाचा आहे? पुण्याच्या वेंकीजचा, तीच कोंबडीवाली कंपनी. १९९५ चा प्रीमियर लीग चॅम्पियन क्लब त्यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये घेतला, महिनाभरात मॅनेजर सॅम अलर्डाइसला काढलं, आणि मे २०१२ मध्ये क्लब खालच्या लीगमध्ये घसरला, त्या दिवशी लोकांनी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. २०१७ मध्ये अजून एक पायरी खाली, पुढच्या वर्षी परत वर. न्यायानं बोलायचं तर दरवर्षीचा तोटा हेच मालक भरत आलेत, ग्लेझरसारखं क्लबातून काढलं नाही, पण पुढं भारतातून पैसे पाठवायला दिल्ली हायकोर्टाची परवानगी मागायची वेळ आली आणि तिकडचा माणूस पुण्याकडं डोळे लावून बसला. म्हणजे ब्लॅकबर्नचा चाहता आपल्या महाराष्ट्राची बातमी रोज शोधतो आणि आपल्याला ती माहीत नाही.

आणि आपल्या राज्यात काय झालं? मुंबईचा महिंद्रा युनायटेड, २००५-०६ चा नॅशनल लीग विजेता, २०१० मध्ये बंद. पुण्याचा भारत एफसी एक सीझन खेळला आणि संपला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला, त्याची जागा हैदराबादला. एकदाही कोणी चाहत्याला विचारलं नाही, आणि चाहत्यानं पण विचारलं नाही की वही दाखवा. कोलकात्यात विचारलं. मोहन बागान क्लब १८८९ चा, २०२० मध्ये एटीके नावाच्या क्लबबरोबर एकत्र करून नावापुढं एटीके लावलं, लोक तीन वर्षं मागं लागले, शेवटी २०२३ मध्ये ट्रॉफी जिंकल्या जिंकल्या मालकांना ते काढल्याचं जाहीर करावं लागलं. नवीन नावात पण मालकांचे दोन शब्द आहेतच, पण एटीके गेलं.

सभासदांची मालकी आली की सगळं सुरळीत होतं असं मी म्हणत नाही, सहकारी कारखाने बघितलेला खान्देशी माणूस असं कसं म्हणेल. बार्सिलोना सभासदांचाच आहे, तरी २०२१ मध्ये कर्ज १३५ कोटी युरो निघालं आणि मेस्सी गेला. पण जर्मनीत निम्म्याहून एक मत जास्त सभासदांकडं ठेवायचा नियम आहे आणि त्याच्या जोरावर लोक भांडतात पण, फेब्रुवारी २०२४ मध्ये मैदानावर टेनिस बॉल फेकून फेकून त्यांनी लीगला बाहेरच्या गुंतवणूकदाराचा सौदा सोडायला लावला. आणि जिथं काहीच हक्क नाही तिथं इंग्लंडमधल्या बरी (Bury) गावच्या क्लबसारखं होतं, १८८५ चा क्लब, डिसेंबर २०१८ मध्ये १ पौंडाला विकला, ऑगस्ट २०१९ मध्ये लीगबाहेर. तेव्हा त्या गावात शनिवारी दुपारी लोक काय करत असतील याचा विचार मी बऱ्याचदा करतो.

आता मागणी. तुमच्या क्रीडा पानावर ट्रान्सफरच्या दिवसांत रोज चौकट असते, "अमुक खेळाडू ९०० कोटींना". साहेब, त्याच्या खाली दोन ओळी अजून द्या, करार किती वर्षांचा, पैसे हप्त्यानं की रोख, आणि क्लबवर आधीच कर्ज किती. इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबचे नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण कापले, अपिलात ६ झाले, ही बातमी तुमच्याकडं आली होती पण कशामुळं कापले ते नव्हतं, तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांच्या वर तोटा चालत नव्हता हा तेव्हाचा नियम एका ओळीत बसला असता. युनायटेड दर तिमाहीला आकडे जाहीर करतो. लागलं तर पुढचे आकडे आले की एका पानात मराठीत मांडून मी स्वतः तुमच्या अमळनेरच्या वार्ताहराकडं आणून देतो, पैसे नकोत, नाव पण नको.

आणि पत्र लिहिणाऱ्या काकांना विनंती, रविवारी संध्याकाळी बसस्टँडजवळच्या चहाच्या दुकानावर या, आम्ही सात-आठ जण असतो. येताना तुमच्या सोसायटीचा अहवाल घेऊन या, पोरं वाचून दाखवतील.

आपला,
एक वाचक, अमळनेर