बाथरूममध्ये गॅस गिझर लावायला नकार देणाऱ्या प्लंबरदादांना

प्रिय दादा,

नाव लिहायचं नाही ही तुमचीच अट. "नाव टाकलंत तर लोक सकाळी सहाला फोन करतील," म्हणालात. तेव्हा नुसतं दादा. वर्तकनगरात ज्यांच्याकडे तुम्ही काम केलंय, ते ओळखतीलच.

तुमचे आभार मानायचेत ते तुम्ही आमचं काम नाकारलंत म्हणून.

दुकानाचा माणूस आधीच येऊन बाथरूमच्या भिंतीवर पेन्सिलने खुणा करून गेला होता. खोली चार बाय पाच, वर हातभर झरोका. "एक्झॉस्ट फॅन आहे ना, मग काय टेन्शन," असं त्याचं म्हणणं. तुम्हाला बोलावलं होतं ते नुसतं पाइपचं काम करायला. तुम्ही खुणा पाहिल्यात, आत जाऊन दार लावून घेतलंत, बाहेर आलात आणि म्हणालात, "इथे मी लावणार नाही. दुसऱ्याकडून इथेच लावून घेणार असाल, तर पाइपचं कामही त्यालाच द्या."

गिझर मागच्या गॅलरीत लावू, म्हणालात. आईला वाटलं, गॅलरीपासून पाइप ओढून तुम्हाला बिल फुगवायचंय. तसं ती तोंडावर म्हणालीसुद्धा. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर तुम्ही पिशवी उचलून गेला असता, असं मला अजून वाटतं. तुम्ही उलट स्टुलावर बसलात आणि विचारलंत, "आजी, गावाला बंब कुठे असायचा?"

"मागच्या पडवीत."

"न्हाणीघरात का नाही?"

"धूर कोंडेल ना!"

"मग हाही बंबच आहे. याचा धूर दिसत नाही एवढंच."

आईचा वाद तिथेच मिटला. माझा नव्हता मिटला, कारण माझ्या डोक्यात तो एक्झॉस्ट फॅन होता. त्यावर तुम्ही जे बोललात ते मी आता भेटेल त्याला सांगतो. लाइट गेली की फॅन बंद पडतो, गिझर मात्र त्याच्या सेलवर चालूच राहतो. आतला माणूस डोक्यावरून पाणी घेत असतो. बंद खोलीत ज्योतीला हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. सिलिंडरच्या किंवा पाइपच्या गॅसला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो, आणि जळताना तोही जळून जातो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते, आणि माणूस म्हणतो पित्त झालं असेल. आई दार लावून, पाटावर बसून, निवांत अर्धा तास आंघोळ करते. पुढचं मी लिहीत नाही.

खोका उघडल्यावर दुसरी भानगड निघाली. आमच्याकडे पाइपचा गॅस, म्हणजे नैसर्गिक वायू, आणि दुकानाने पाठवलेला गिझर एलपीजीचा, म्हणजे सिलिंडरच्या गॅसचा. दुकानदार फोनवर म्हणाला, "नोझलचं भोक थोडं मोठं करून घ्या, चालतं." तुम्ही फोन माझ्या हातात परत दिलात आणि खोक्याला चिकटपट्टी लावलीत. पाइपच्या गॅसचं प्रेशर कमी, साधारण २१ मिलिबार, एलपीजीचं ३०. शिवाय तेवढ्याच आकारमानाच्या नैसर्गिक वायूत एलपीजीच्या निम्म्याहूनही कमी उष्णता असते. म्हणून दोघांचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी नोझलची भोकं, वेगळे, आणि ते कारखान्यातून येतात, ड्रिलने पाडायचे नसतात. आम्ही मॉडेल बदलून आणलं. गॅसच्या पॉइंटला तुम्ही हातही लावला नाहीत. तो गॅस कंपनीच्या माणसानेच येऊन काढून दिला.

आता प्रेशर. चौथा मजला, वर गच्ची, गच्चीवर टाकी. पाण्याचं पहिलं घर आमचं, आणि धार सगळ्यात बारीक आमची. बाहेरच्यांना हे सांगितलं की हसतात. पण हिशोब सरळ आहे: दहा मीटर उंचीमागे एक बार प्रेशर. टाकीपासून आमच्या गिझरपर्यंत जेमतेम तीन मीटर. गिझर पेटतो तो पाण्याच्या जोरावर. आतला रबराचा पडदा सरकला तर पिन पुढे येते, गॅस उघडतो, ठिणगी पडते. जोर नसेल तर बसा नळ उघडून. तीन ठिकाणी विचारलं होतं, तिन्हीकडे एकच उत्तर: पंप बसवा.

तुम्ही आधी नळाखाली दहा लिटरची बालदी ठेवलीत आणि मोबाइलवर वेळ लावलीत. भरायला चार मिनिटांच्या वर गेली. मग जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) लाइनचा एक तुकडा कापून माझ्या हातात दिलात. अर्ध्या इंची पाइप, आत गंजाचे तांबूस थर, आणि मधल्या भोकात पेन्सिल जाईना! तुम्ही टाकीपासून एक इंची सीपीव्हीसी (प्लास्टिकची) लाइन खाली आणलीत, एल्बो, म्हणजे वळणाचे सांधे, शक्य तितके टाळलेत, आणि गिझर मागच्या उघड्या गॅलरीत लावलात. बालदी दोन मिनिटांच्या आत भरली. पंप विकून तुमचे चार पैसे सुटले असते.

गॅलरीपासून बाथरूमपर्यंतच्या लांब पाइपात गार पाणी फुकट जाईल, ही माझी शेवटची कुरकुर. पाच मीटर अर्ध्या इंची पाइपात पाऊण लिटरसुद्धा पाणी मावत नाही, हे तुम्ही गणित करून दाखवलंत. वरून काळा फोमही गुंडाळलात. ते पाऊण लिटर आई तुळशीला घालते.

गिझरशेजारी मार्करने लिहिलेला तुमचा कागद अजून आहे. मिक्सरचा गार नळ उघडायचा नाही, गिझरचंच बटण कमी करायचं. गार पाण्याचा उलटा दाब आला की गिझर विझतो. ज्योत निळी हवी; पिवळी दिसली की बंद करून फोन. ठिणगीची 'टक टक' मंद झाली की दोन मोठे सेल नवीन. टाकी धुतली की इनलेटची, म्हणजे गिझरमध्ये पाणी शिरतं तिथली, जाळी काढून धुवायची. (मागच्या वेळी तिच्यात वाळू आणि सिमेंटचे खडे निघाले. टाकी धुणाऱ्यांनी नक्की काय धुतलं, देव जाणे.) उन्हाळ्यात टँकरचं, बोअरिंगचं पाणी आलं की आतल्या तांब्याच्या नळीत क्षार धरतो, म्हणून पावसाळ्यानंतर लिंबूफुलाचं (सायट्रिक ॲसिडचं) पाणी फिरवून घ्यायचं. ते काम मात्र तुमचंच, मी हात लावत नाही.

एक विनंती आहे. बी विंगमध्ये दोन घरांत गिझर बाथरूममध्येच आहेत. एका घरी गॅलरी ग्रिल लावून, काच बसवून बंद केलेली आहे, तिथे काय करायचं ते तुम्हीच बघा. दोघांशीही बोललोय, रविवारी अकरानंतर घरी असतील. पाहण्याचे पैसे तुम्ही घेत नाही हे मला ठाऊक आहे, पण या वेळी घ्या. मी तसं आधीच सांगून ठेवलंय.

तुमचा,
चौथ्या मजल्यावरचा
(आणि आईचा नमस्कार)