निबंध दोनदा लिहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पदवीच्या मुलांना मराठीत दहा ओळी धड लिहिता येत नाहीत, अशी तक्रार करणारे पत्र आपल्या सदरात वाचले. तक्रार खरी आहे. पत्रलेखकांनी त्याचा दोष मोबाइलला, इंग्रजी शाळांना आणि शेवटी आम्हा शिक्षकांना दिला आहे. पहिल्या दोघांची वकिली मी करणार नाही. पण नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना मी मराठी लेखन शिकवते, तेही तासिका तत्त्वावर, त्यामुळे तिसऱ्याबद्दल थोडे लिहायला हवे. तासिका तत्त्व म्हणजे वर्गात उभे राहिलात तेवढ्या तासांचे मानधन. घरी बसून निबंध तपासलेत तर तो तुमचा हौसेचा भाग. हे आधीच सांगते, कारण पुढे त्याच्याशी काम आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की मुलांना लिहिता येत नाही, कारण त्यांनी लिहिलेले त्यांना कोणी परत देत नाही. ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ आणि ‘मोबाइल : शाप की वरदान’ दहावीला गाईडमधून पाठ झाले, पेपरात उतरले, गुण पडले, विषय संपला. कोणते वाक्य पोकळ होते, मुद्दा कुठे निसटला, हे त्या मुलाला कधी कळलेच नाही. पदवीला आल्यावरही तेच. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स पैसे भरून मिळते म्हणतात. तिच्यावर गुणांखेरीज काही नसते. पोहायला शिकणाऱ्याला वर्षातून एकदा पाण्यात ढकलायचे आणि बाहेर आल्यावर आकडा सांगायचा, तसा हा प्रकार आहे.

मी वर्गात करते ते फार थोर नाही. एक निबंध मुलांकडून दोनदा लिहून घेते. पहिला खर्डा वर्गातच, हाताने, अर्ध्या तासात. त्यावर मी गुण देत नाही आणि ऱ्हस्वदीर्घालाही हात लावत नाही. समासात फक्त दोन प्रश्न लिहिते: तुझे म्हणणे काय आहे? ते मला का पटावे? वेलांट्या दुसऱ्या खर्ड्याला पाहू. जे वाक्यच उद्या जाणार आहे, त्याची वेलांटी आज सुधारून काय करायचे? (शुद्धलेखनाचे कैवारी इथे रागावतील. रागावू देत.)

गेल्या सत्रात कोपरखैरण्याच्या एका मुलाने ‘बाजार’ या विषयावर सुरुवात केली ती अशी : ‘बाजार हा मानवी जीवनाचा अविभाज्य घटक आहे. प्राचीन काळापासून मानव वस्तूंची देवाणघेवाण करत आला आहे. आजच्या धावपळीच्या युगात बाजाराचे अनन्यसाधारण महत्त्व आहे.’ शुद्धलेखनाची एकही चूक नाही, आणि वाचून झाल्यावर हाती काहीही नाही. मी विचारले, शेवटचा बाजारात कधी गेला होतास? म्हणाला, ‘शनिवारी, पप्पांना डबा द्यायला.’ वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. मग काय पाहिलेस, असे विचारल्यावर पठ्ठ्या थांबेना. ट्रक गाळ्याला पाठ लावून कसा उभा करतात, टोळी कशी लागते, गोणी खांद्यावर घेताना मान कुठे वळवायची, आणि कुठली गोणी जड आहे हे पप्पांना हात लावल्याबरोबर कसे कळते. मी म्हटले, हेच लिही. त्यावर त्याचा प्रश्न होता, ‘मॅडम, हे निबंधात चालतं?’

चालतं, असं सांगणारे कोणी त्याला बारा वर्षांत भेटले नव्हते.

पुढच्या आठवड्यात आलेला खर्डा चांगला होता, पण निबंध नव्हता. वडिलांचे कष्ट पाहून वाईट वाटते, इथेच तो थांबत होता. वाईट वाटणे हे म्हणणे नव्हे. तुला काय बदलायला हवे आहे, असे मी समासात लिहिले. तेव्हा त्याने घरी विचारून एक वाक्य पक्के केले : पन्नास किलोच्या वरची गोणी माणसाच्या पाठीवर देऊ नये. आता लढायला काहीतरी मिळाले. महाराष्ट्रात माथाडींसाठी १९६९ पासून स्वतंत्र कायदा आहे, हे त्याने स्वतः शोधून काढले. बाकावरच्या शेजाऱ्याने हरकत घेतली की गोणी तर शेतकऱ्याकडून भरून येते, वाशीचा व्यापारी काय करणार? हरकत रास्त होती. मी त्याला ती निबंधातच घालायला लावली, आणि त्याने उत्तर लिहिले, ‘म्हणून नियम भरतानाच लावला पाहिजे. नाशिकहून निघालेली गोणी वाशीला येऊन हलकी होत नाही.’ हे वाक्य मी वर्गात दोनदा वाचून दाखवले. ‘अनन्यसाधारण महत्त्व’ लिहिणारा तो हाच मुलगा. मधल्या काळात त्याचे मराठी बदलले नव्हते. आपण कोणाला तरी काहीतरी पटवतो आहोत, हे त्याला समजले होते.

घणसोली गावातल्या एका मुलीने साडेबारा टक्के योजनेवर लिहिले. विषय तिच्या घरातलाच. नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ, सिडको, १९७० साली स्थापन झाले आणि शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, हे तिला आजोबांच्या तोंडून पाठ. एका तासाला मी सगळ्यांना आपापल्या परिच्छेदासमोर समासात त्याचे काम चार शब्दांत लिहायला सांगते. तिच्या समासात तीन परिच्छेदांसमोर एकच नोंद आली, ‘आमच्यावर अन्याय झाला’. मी काही बोलायच्या आधी तीच हसली. नंतर वह्यांची अदलाबदल झाली. नेरुळच्या टॉवरमधून येणाऱ्या मुलीने तिचा निबंध वाचून साधाच प्रश्न विचारला, ‘साडेबारा टक्के म्हणजे कशाचे?’ घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायचा, ही योजना घणसोलीत शेंबड्या पोराला ठाऊक असते. नेरुळला नसते. दुसऱ्या खर्ड्यात अन्यायाचे दोन परिच्छेद गेले आणि त्या जागी योजना समजावून सांगणाऱ्या सहा ओळी आल्या. आपला वाचक आपल्या गावचा नसतो, हे माझ्या व्याख्यानातून तिला कळले नसते. समोर बसलेल्या वाचकाने ते एका प्रश्नात शिकवले.

मोठ्याने वाचणे हा आणखी एक उपाय. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडायचे. फुकटचा उपाय आहे, कोणीही घरी करावा.

आता हिशेब. एका तुकडीत शंभराच्या वर मुले असतात. शंभरच धरा. एका खर्ड्याला दहा मिनिटे दिली तरी हजार मिनिटे, म्हणजे साडेसोळा तासांच्या वर. हे एका खर्ड्याचे झाले, आणि त्यातला एकही तास मानधनाच्या बिलात बसत नाही. मी ठाण्याहून वाशीच्या लोकलने जाते. ऐरोली ते तुर्भे या पट्ट्यात बसायला जागा मिळाली तर एखादा कागद होतो. माझ्या ओळखीत असे करणारे आणखी काहीजण आहेत, आणि न करणारेही आहेत. न करणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. दोन-तीन महाविद्यालयांत तासिका जोडून महिना भागवणाऱ्या माणसाने फुकटात साडेसोळा तास काढावेत, ही अपेक्षा घरबसल्या करणे सोपे आहे.

अमेरिकेतल्या कॉलेजांत पहिल्या वर्षाला लेखनाचा वर्ग बहुतेक सगळीकडे असतो. हार्वर्डने तो १८८५ मध्ये सक्तीचा केला. खर्डा, त्यावर चर्चा, पुन्हा खर्डा, हे तिथे रोजचे काम झाले आहे. पण तिथल्या लेखन-शिक्षकांची संघटना वर्गात वीसच्या वर मुले नकोत असे सांगते. आमच्याकडे वीस मुले हजेरीच्या पहिल्या पानावरच संपतात. तेव्हा त्यांची पद्धत जशीच्या तशी आणा, असे मी म्हणणार नाही. वह्यांची अदलाबदल मी करते ती बरीचशी नाइलाजाने, मला एकटीला पुरे पडत नाही म्हणून.

चॅटजीपीटीबद्दल कोणी तरी विचारेलच. मुले त्यातून निबंध आणतात, हो. त्यातही ‘अविभाज्य घटक’ असतोच, आमच्या गाईडची परंपरा त्याने बरी उचलली आहे. पहिला खर्डा वर्गात हाताने लिहिलेला असला आणि दुसऱ्याला त्याच्या समासातल्या प्रश्नांची उत्तरे द्यायची असली, की यंत्राचा उपयोग आपोआप कमी होतो. मला तपासनीस व्हावे लागत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पहिल्या वर्षाला भाषेचा क्षमतावृद्धीचा अभ्यासक्रम आहे. तो दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) असेल तिथे साधारण तीस तासिका मिळतात. त्यात लेखनाची व्याख्या, प्रकार, वैशिष्ट्ये आणि महत्त्व शिकवून परीक्षेत ‘निबंधाची वैशिष्ट्ये सांगा’ असा प्रश्न विचारता येतो, आणि मूल एकही निबंध न लिहिता पास होऊ शकते. माझी अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळांना विनंती आहे की या तीसपैकी दहा तासिका खर्डा, अदलाबदल आणि पुनर्लेखनासाठी राखून ठेवाव्यात. अंतर्गत गुणांपैकी निम्मे गुण दुसऱ्या खर्ड्याला द्यावेत, तेही दोन्ही खर्डे एकत्र टाचून दिले तरच. आणि खर्डे तपासण्याचा वेळ तासिका म्हणून धरावा, निदान वीस कागदांना एक. यातली तिसरी मागणी मान्य झाली नाही, तर पहिल्या दोन परिपत्रकातच राहतील.

आपली,
एक तासिका प्राध्यापिका
कोपरी, ठाणे (पूर्व)
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती. पुढच्या वर्षीच्या नेमणुका अजून व्हायच्या आहेत.)