फोटो टाकावा, पण कुणाच्या जॉबचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

छोट्या कारखानदारांनी लिंक्डइनवर यावं, असा सल्ला हल्ली उद्योगाच्या पानावर वरचेवर वाचायला मिळतो. सल्ला चुकीचा नाही. मी स्वतः साडेतीन वर्षं तिथं आहे आणि मला तिथून कामं मिळालीत. पण तिथं गेल्यावर मी जी माती खाल्ली, तिच्याबद्दल कुणी आधी सावध केलं नव्हतं. म्हणून हे पत्र.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं पॅटर्न शॉप आहे. मी, एक जुने मिस्त्री आणि एक शिकाऊ पोरगा, एवढाच पसारा. फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग करतात त्या कारखान्यात, वाळूत साचा उठवायला जो लाकडी पॅटर्न लागतो, तो आम्ही करतो. वडिलांच्या काळात ऑइल इंजिनवाले दारात यायचे, चहाच्या गाड्यावर काम ठरायचं. आता गिऱ्हाईक शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडं गेलं. खरेदी खात्यात दर दोन वर्षांनी नवा साहेब बसतो आणि तो काही आमच्या चहाच्या गाड्यावर येत नाही.

धाकट्या लेकीनं खातं उघडून दिलं. मग साडेचार हजार भरून एका हॉटेलात दिवसभराचं शिबिरही केलं. तिथं सांगितलं, रोज काहीतरी टाकत राहा. मी सूर्योदय टाकले, यशाची पाच सूत्रं टाकली. लाइक यायचे ते त्याच शिबिरातल्या मंडळींचे. आम्ही एकमेकांना रोज सकाळी वाहवा म्हणत होतो. पॅटर्न त्यातल्या एकालाही नको होता.

कंटाळून एकदा खरं काम टाकलं. पंपाच्या केसिंगचा पॅटर्न होता, दोन भागांचा, सोबत कोअर बॉक्स, म्हणजे आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा करायचा साचा. मिस्त्रींनी घासून-रंगवून टेबलावर ठेवला होता, इतका देखणा की राहवलं नाही. चार फोटो काढले नि चढवले. मागं भिंतीला ड्रॉइंग चिकटवलेलं होतं, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. फोटो मोठा केला की त्यावरचा नंबर वाचता येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गिऱ्हाइकाचा फोन. "काका, हे मॉडेल अजून बाजारात यायचंय." आवाज जरासुद्धा चढलेला नव्हता, त्यानंच मी जास्त घाबरलो. पोस्ट लगेच काढली. पण तोवर लाइक करणाऱ्यांत त्यांच्याच धंद्यातला एक प्रतिस्पर्धी दिसत होता. पुढचे आठ महिने त्या कंपनीचं एकही काम माझ्याकडं आलं नाही. मी त्यांना दोष देत नाही.

'आपला माल दाखवा' हा सल्ला मसालेवाल्याला, साडीवाल्याला, गुळाच्या ढेपा विकणाऱ्याला लागू पडतो. जॉबवर्क करणाऱ्याकडं स्वतःचा माल असतो कुठं? लाकूड मी आणतो, रंधा मी मारतो, पण आकार गिऱ्हाइकाचा. पैसे त्यानं मोजले की पॅटर्नही त्याचाच. माझ्या माळ्यावर तो फक्त सांभाळायला असतो. टर्निंगवाले, डायवाले, प्लेटिंगवाले, सगळ्यांची हीच गत. उद्यमनगरातल्या निम्म्या शेडला हे लागू होईल, आणि सल्ला देणाऱ्यांपैकी एकानंही हे लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

मग दाखवायचं काय? मला ते अपघातानंच सापडलं. आमच्याकडं श्रिंकेज पट्टी असते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, पोलाद जवळपास दुप्पट. म्हणून पॅटर्नवाल्याच्या पट्टीवरचे मिलिमीटर मुळातच थोडे मोठे असतात. बिडाची पट्टी आणि साधी पट्टी शून्याला शून्य लावून शेजारी ठेवली, तर तीनशेच्या खुणेला तीन मिलिमीटरचा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. एका रविवारी त्याचा फोटो टाकला. खाली चार ओळी मराठीत, चार मोडक्या इंग्रजीत. यात कुणाचं ड्रॉइंग नाही, कुणाचं गुपित नाही. पट्टी तर माझ्या वडिलांची.

त्यावर पुण्याच्या एका डिझाइन इंजिनिअरनं विचारलं, ग्रे आयर्नसाठी, म्हणजे साध्या बिडासाठी, केलेला पॅटर्न एसजी आयर्नला, म्हणजे जास्त चिवट बिडाला, चालेल का? मी लिहिलं, जाडी आणि कोअर बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण ड्रॉइंग इथं टाकू नका, फोन करा. नंतर ते म्हणाले, उत्तरातलं हे शेवटचं वाक्य वाचून फोन केला. दोन महिन्यांनी ते शॉपवर आले, माळ्यावर चढून जुने पॅटर्न कसे ठेवलेत ते बघितलं आणि जाताना वाकलेल्या एका पॅटर्नची दुरुस्ती देऊन गेले. नवं काम त्यानंतर आलं. म्हणजे लिंक्डइननं फक्त दारापर्यंत आणून सोडलं. पुढचं काम माळ्यानं केलं.

आणखी एक. माझ्या नावाखाली 'प्रोप्रायटर' एवढंच लिहिलेलं होतं. प्रोप्रायटर कोण शोधतो? तिथं 220 अक्षरं बसतात. लेकीनं आता लाकडी आणि अ‍ॅल्युमिनियम पॅटर्न, कोअर बॉक्स, दुरुस्ती, कोल्हापूर असं घातलंय. रोजच्या पोस्टींपेक्षा या एका ओळीनं जास्त चौकश्या आल्या.

बिलाचं मात्र तिथं काही होत नाही. 2006 च्या कायद्यानं सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायला हवेत. माझ्या पोस्टखाली टाळ्यांची चित्रं टाकणारे एक साहेब चौथ्या महिन्यात पैसे सोडतात. अभिनंदनाखाली बिलाची आठवण कशी लिहायची, हे शिबिरात शिकवलं नव्हतं.

आपणास विनंती एवढीच, की पुढचा लेख छापताना एखाद्या जॉबवर्कवाल्याला विचारून छापा. काय टाकू नये, ऑर्डरवरच्या गोपनीयतेच्या अटी कशा वाचाव्यात, फोटो काढण्याआधी भिंतीवर काय आहे ते बघावं, यावरही चार ओळी येऊ द्या. उद्योजकांच्या संघटनाही प्रेरणादायी भाषणांऐवजी यावर तासभर बोलल्या तर पुढच्या खुर्चीत येऊन बसेन.

शेजारच्या मशीन शॉपवाल्याला या रविवारी खातं उघडून द्यायचं ठरलंय. पहिला फोटो कशाचा टाकायचा यावर आमचं अजून जमलेलं नाही. त्याला नवीन लेथ दाखवायचाय. मी म्हणतोय, तुझ्या त्या चाळीस वर्षं जुन्या मायक्रोमीटरचा टाक.

आपला,
एक पॅटर्नवाला
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर