‘ग्रुपवर टाकलंय’ म्हणजे नोंद नव्हे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

लघुउद्योगांनी डिजिटल व्हावे, असे सांगणारे लेख हल्ली पुष्कळ येतात. त्यात ईआरपी, क्लाउड, एआय असतात आणि फोटोत काचेच्या ऑफिसात लॅपटॉपभोवती जमलेली हसरी माणसे. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपचे स्टोअर आणि डिस्पॅच सांभाळतो. आमच्याकडे लॅपटॉप एकच, तोही बिलिंगचा, आणि त्याच्या की-बोर्डवर कायम कूलंटची बोटे. तरीही एका सामायिक गुगल शीटने आमचा फायदा झाला. तो कसा, हे त्या लेखांत सापडत नाही म्हणून लिहितो.

कोल्हापुरात बऱ्याचदा कास्टिंग, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेला भाग, एकीकडे ओततात आणि मशिनिंग दुसरीकडे होते. माल फाउंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) चलनावर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, येतो, आम्ही फेसिंग, बोअरिंग, ड्रिलिंग करून परत पाठवतो. कास्टिंगच्या आतला ब्लो होल, म्हणजे वायू अडकून राहिलेली पोकळी, कट घेतल्याशिवाय दिसत नाही. तो निघाला की तुकडा ‘सीआर’, म्हणजे दोष कास्टिंगचा. आमच्याकडून साइज गेली तर ‘एमआर’, दोष आमचा. पूर्वी हा हिशेब महिनाअखेरीला बसायचा. आमच्या वहीत एक आकडा, त्यांच्या वहीत दुसरा, मग सीआर की एमआर यावर हमरीतुमरी, आणि तोवर बिल लटकलेले. त्याहून वाईट म्हणजे या महिनाभरात तोच दोष घेऊन पुढचा मालही ओतून झालेला असायचा.

आता दोघांची शीट एकच आहे. चलन नंबर, पार्ट नंबर, हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या खेपेचा), आले किती, झाले किती, सीआर, एमआर, कारण. रिजेक्शन ऑपरेटर स्वतः मोबाइलवरून भरतो आणि फाउंड्रीचा क्वालिटीवाला ते त्याच पाळीत बघतो. एका हीटचे दोन-चार तुकडे लागोपाठ गेले की त्याचा फोन येतो, “ती हीट बाजूला काढा, मशिनवर चढवू नका.” भंगारात जाणाऱ्या कास्टिंगवर आमचे इन्सर्ट (मशिनची कापणारी टोके) झिजत नाहीत, वीज जळत नाही. तिकडे ते साच्याच्या वाळूचा ओलावा आणि व्हेंट (वायू निघायची छिद्रे) लगेच तपासतात. या सगळ्याला नवीन यंत्र लागले नाही की सॉफ्टवेअरचे पैसे पडले नाहीत.

‘आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे की,’ असे अनेक मालक म्हणतात. ग्रुपवर चलनाचा फोटो सकाळी पडतो, दुपारपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. ‘ग्रुपवर टाकलंय’ म्हटले की टाकणारा मोकळा होतो, शोधणारा अडकतो. दुसरी भीती अशी, की ऑपरेटर काहीही भरेल. पण कोणी, कधी, काय बदलले हे शीटच्या व्हर्जन हिस्ट्रीत राहते, आणि दराचे रकाने लॉक करता येतात. मात्र एमआर दिसला की ज्या शॉपमध्ये पगार कापतात, तिथे शीट खोटीच भरली जाणार. तिथे सॉफ्टवेअरवर लाखो रुपये घातले तरी आकडा खोटाच येईल. (आणि फाइल कारखान्याच्या खात्यावर काढा. कुणा पोराच्या खासगी जीमेलवर काढली, तर तो नोकरी सोडताना हिशेबही सोबत जायचा.)

पैशाची बाजूही आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार, माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो स्वीकारला असे धरतात, आणि सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. तारीखवार नोंद दोघांसमोर असली की ‘माल कमी आला होता’ हे महिन्याने आठवत नाही. फाउंड्रीलाही ती हवीच असते, कारण जॉब वर्कला, म्हणजे मजुरीवर काम करून घ्यायला, दिलेला कच्चा माल वर्षात परत आला नाही, तर जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असे धरून कर बसतो. चलनवार शिल्लक शीटवर रोज दिसते, आयटीसी-०४ हे जॉब वर्कचे जीएसटी विवरणपत्र भरताना चलनांचे गठ्ठे उपसावे लागत नाहीत.

अडचण पुढेच आहे. आमच्याकडे माल एकाच फाउंड्रीचा नसतो. एकीचा फॉरमॅट वेगळा, दुसरीचे स्वतःचे पोर्टल, तिसरीला अजून रोज संध्याकाळी ई-मेलच लागतो. तोच आकडा मी तीनदा टाइप करतो, आणि तीनदा टाइप केलेला आकडा कुठेतरी चुकतोच. स्मॅक (शिरोलीची उद्योजक संघटना), गोशिमा (गोकुळ शिरगावची) आणि कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन यांनी एकत्र बसून जॉब वर्कच्या नोंदीचे रकाने तरी एकसारखे ठरवावेत. रकान्यांची नावे मराठीत असावीत, दोषांच्या कारणांची यादी ठरलेली असावी. एकजण ‘ब्लो होल’ लिहितो, दुसरा नुसते ‘होल’, मग बेरीज कशी लागणार? आणि त्या बैठकीला मालकांबरोबर ऑपरेटर आणि स्टोअरवाल्यांनाही बोलवा. साप्ताहिक सुट्टीला ठेवली तरी आम्ही येऊ, फक्त त्या दिवसाची हजेरी लावावी.

आपला,
एक स्टोअर इन्चार्ज,
शिरोली, जि. कोल्हापूर