नाथांकडे एक पै नव्हती का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

यंदा एकनाथ षष्ठीला तुमच्या पेपरात नाथांच्या एका पैची गोष्ट आली होती. लहानपणापासून ऐकतोय ही, देवगिरीचे किल्लेदार आणि नाथांचे गुरू जनार्दनस्वामी, त्यांच्याकडे नाथ हिशोब बघायचे, एक पै जुळेना म्हणून रात्रभर दिवा लावून वह्या चाळत बसले आणि चूक सापडली तसे आनंदाने टाळ्या वाजवायला लागले. मग स्वामी म्हणतात, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसाराची सापडली तर केवढा होईल! कीर्तनकार इथे आले की डायरेक्ट संसारावर जातात, पै तिथेच पडून राहते. तुमच्या लेखातही तेच झालंय, राग मानू नका.

माझं त्या पैशीच अडलंय कारण मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे (मीटिंगला दुसरं कोणी हात वर करेना म्हणून). मार्चएन्डला किरकोळ खर्चाची कॅश मोजली तर 180 रुपये कमी. रात्रीचे साडेअकरा, डोळे मिटायला लागलेले, मी काय केलं तर खिशातले 180 काढून डब्यात टाकले, टोटल जुळवली आणि झोपलो. आणि खोटं कशाला सांगू, मला जरा भारीच वाटत होतं, की लोक सोसायटीचे पैसे खातात आणि आपण पदरचे घालतोय.

सकाळी चहा पिताना आईला कौतुकाने सांगितलं. तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "अरे, मग नाथांकडे एक पै नव्हती का?"

बास, चहा गेला नाही पुढे. खरंच की, किल्लेदाराच्या घरी राहणाऱ्या माणसाला एक पै टाकून झोपता आलं असतं, कोणाला कळणारही नव्हतं. पण मग रक्कम जुळली असती आणि वही खोटीच राहिली असती. मी चोरी नव्हती केली हे कबूल, पण वहीत जे लिहिलं ते घडलेलं नव्हतं, आणि वर त्याचं क्रेडिटही घेत होतो.

नंतर लक्षात आलं की हेच नाथ पुढे 1584 साली ज्ञानेश्वरी शुद्ध करायला बसले. ग्रंथ 1290 चा, जवळजवळ तीनशे वर्षं हाताने नकला होत आलेल्या, त्यात पाठ बिघडलेले. नाथ स्वतः केवढे कवी, एकनाथी भागवत त्याच्या आधीच 1573 मध्ये काशीत पूर्ण झालेलं, मनात आणलं असतं तर शंभर ओव्या अशा घातल्या असत्या की कोणाला पत्ता लागला नसता. पण ते काय सांगून गेले, "ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥" नरोटी म्हणजे करवंटी. मला तर ही तीच पै वाटते, दुसऱ्याच्या वहीत आपल्या पदरचं घालायचं नाही, मग ते चांगल्या मनाने का असेना. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी कोणाचंही वाक्य 'माऊली म्हणतात' म्हणून येतं, तिथे तर करवंट्यांचा ढीग झालाय.

असो. रविवारी सगळी व्हाउचर काढून बसलो. फरकाला नऊने भाग जातो म्हणजे आकडे उलटे पडले असतील, हे जुने अकाउंटवाले सांगतात, आणि तसंच निघालं. प्लंबरला दिलेले 640 मी 460 लिहिले होते. टाळ्या नाही वाजवल्या, पण आईला हाक मारून दाखवलं.

आता माझे 180 मला परत घ्यायचेत. सेक्रेटरी म्हणतात, राहू द्या हो, देणगी समजू. मी म्हटलं, देणगी असेल तर पावती फाडा, नाहीतर पैसे द्या. पत्र लिहीपर्यंत दोन्ही झालेलं नाही.

आपला,
एक वाचक, डोंबिवली